नक्षीदार कागदाचे दागिने: कागदाच्या निवडीपासून व्हार्निशच्या शेवटच्या हातापर्यंत

कागदाच्या दागिन्यांबद्दल बहुतेकांच्या मनात दोन शंका असतात. ते पाण्याने खराब होतील का, ही पहिली आणि ते शाळेतल्या हस्तकलेसारखे कच्चे दिसतील का, ही दुसरी. या दोन्ही शंकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे कागदाची कापलेली कड. कागदाच्या पृष्ठभागावर छपाईचा आणि बऱ्याचदा चकाकीचा थर असतो, त्यामुळे तो काही प्रमाणात सुरक्षित असतो. कडेला मात्र तंतू उघडे पडलेले असतात. पाणी तिथूनच आत शिरते, मळही तिथेच बसतो आणि छापील रंगाखालचा पांढरा गाभाही तिथेच डोळ्यांत भरतो. म्हणून या लेखात मणी, सपाट डूल आणि झुमका हे तीन प्रकार सविस्तर सांगताना कडेचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पुन्हा येईल. नक्षी कोणतीही निवडा, पण कड नीट हाताळली गेली नाही तर उत्तम कागदही वाया जातो.

कागद निवडताना

कागदाची जाडी साधारणपणे जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधील वजनात सांगितली जाते. ८० जीएसएमचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि १२० जीएसएमचा सुमारे ०.१५ मिलिमीटर. गुंडाळून मणी करायचे असतील तर ७० ते १२० जीएसएम हा टप्पा सर्वांत सोयीचा आहे. त्याहून पातळ कागद गोंदाने ओला झाल्यावर ताणला जातो आणि फाटतो. त्याहून जाड कागद गुंडाळी सोडून उलगडू पाहतो आणि मण्याच्या पृष्ठभागावर पायऱ्या दिसू लागतात. सपाट डुलांसाठी आतले थर २०० ते ३०० जीएसएमच्या कार्डाचे घ्यावेत आणि नक्षीचा कागद फक्त वरून चिकटवावा. झुमक्यांसाठी क्विलिंगच्या (कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून आकार करण्याच्या कलेच्या) तयार पट्ट्या, म्हणजे साधारण १२० जीएसएमच्या आणि ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, वापरणे चांगले.

जाडीइतकेच महत्त्वाचे आहे ते रंग कागदात किती खोलवर गेला आहे, हे पाहणे. काही कागदांचा लगदाच रंगवलेला असतो, त्यामुळे ते कुठेही कापले तरी कडेला तोच रंग दिसतो. भेटवस्तू गुंडाळण्याचा किंवा स्क्रॅपबुकचा कागद मात्र बऱ्याचदा एकाच बाजूने छापलेला आणि आतून पांढरा असतो. कोपरा थोडा फाडून पाहिला की हा फरक लगेच कळतो. पांढऱ्या गाभ्याचा कागद वापरूच नये असे नाही, परंतु कापल्यानंतर त्याच्या कडा रंगवाव्या लागतील, हे आधीच गृहीत धरावे. ज्यांना हे किचकट काम नको असेल त्यांनी गाभ्यापर्यंत रंगीत असलेला कागदच निवडावा.

जपानी वाशी कागदाचा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही. कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी या झुडपांच्या सालीच्या लांब तंतूंपासून तो बनतो, आणि याच लांबीमुळे तो पातळ असूनही सहज फाटत नाही, वळवला तरी चिरत नाही. हाताने वाशी बनवण्याच्या कौशल्याचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला आहे. त्यावर छापलेली चियोगामी ही पारंपरिक जपानी नक्षी लहान आकाराची आणि दाट असते, म्हणून ती लहान डुलांवरही पूर्ण दिसते. याउलट मोठ्या फुलांचा कागद दोन सेंटिमीटरच्या डुलावर आला की त्यातले फूल ओळखूही येत नाही. कागद विकत घेण्याआधी जाड कागदात डुलाच्या आकाराची एक खिडकी कापून ती नक्षीवर फिरवून पाहावी. खिडकीतून जे दिसेल तेच दागिन्यात दिसणार आहे.

काही कागद मात्र टाळलेले बरे. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक भरपूर असतो, त्यामुळे तो उन्हात पिवळा पडतो. धातूचा मुलामा असलेल्या कागदाच्या चकचकीत बाजूला पाण्यात विरघळणारा गोंद धरत नाही. जाड आणि चकचकीत कोटिंगचा कागद लहान वळणावर चिरतो आणि त्या चिरेतून पांढरा गाभा दिसू लागतो. इंकजेट प्रिंटरवर छापलेली नक्षी गोंद किंवा व्हार्निश लागताच पसरण्याचा संभव असतो. लेझर प्रिंटरच्या छपाईला हा धोका फारसा नाही. ओलसर केलेला कापसाचा बोळा नक्षीच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवून पाहावा. बोळ्याला रंग लागला, तर त्या कागदावर आधी फवाऱ्याने ॲक्रिलिक सीलरचे दोन पातळ हात द्यावेत आणि ते वाळल्यावरच कापायला घ्यावे.

तंतूंची दिशा

यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने, म्हणजे यंत्रातून कागद ज्या दिशेने पुढे सरकतो त्या दिशेने, पडलेले असतात. असा कागद तंतूंना समांतर अक्षाभोवती सहज वळतो आणि तंतू आडवे मोडावे लागतील असा वळवला तर विरोध करतो. मणी करताना सुई हा अक्ष असतो, म्हणून तंतू सुईला समांतर आणि पट्टीच्या लांबीला काटकोनात असायला हवेत. दिशा ओळखण्यासाठी कागद दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, घडी न पाडता, हलकासा वाकवून पाहावा. ज्या बाजूने वाकताना तो कमी विरोध करतो, त्या वाकलेल्या रेषेला तंतू समांतर असतात. हाताला फरक कळला नाही, तर एक लहान चौकोन कापून त्याची एकच बाजू ओली करावी. थोड्याच वेळात तो नळीसारखा वळू लागतो आणि त्या नळीचा अक्ष हीच तंतूंची दिशा असते.

शंभर जीएसएमपर्यंतच्या कागदात ही काळजी न घेताही मणी होतात. त्याहून जाड कागदात मात्र दिशा चुकली की पट्टी पुन्हा पुन्हा उलगडते आणि मणी घट्ट बसत नाही. हाताने बनवलेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही.

मण्याचे गणित

गुंडाळलेला कागदी मणी म्हणजे एक लांब त्रिकोणी पट्टी, रुंद बाजूकडून टोकाकडे सुईभोवती गुंडाळलेली. त्रिकोणाचा पाया जितका रुंद, तितका मणी लांब होतो. पट्टी जितकी लांब, तितका मणी मधोमध जाड होतो. ०.१ मिलिमीटर जाडीच्या कागदाची ३० सेंटिमीटर लांबीची पट्टी २ मिलिमीटर जाडीच्या सुईवर घट्ट गुंडाळली, तर मध्यभागी सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा मणी मिळतो. पट्टीची लांबी ६० सेंटिमीटर केली तर व्यास सुमारे ९ मिलिमीटर होतो. म्हणजे लांबी दुप्पट केल्याने जाडी दुप्पट होत नाही. ती जवळजवळ दुप्पट हवी असेल तर चौपट लांबीची, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटरची, पट्टी लागते. ती दोन-तीन तुकडे जोडून करता येते आणि जोड आतल्या वेढ्यांत दडून जातो. गोंदाचा थर आणि हाताचा ताण यांमुळे प्रत्यक्ष माप या आकड्यांपेक्षा किंचित जास्त येते.

हे गणित सांगण्याचे कारण निव्वळ मोजमाप नाही. २.५ सेंटिमीटर पायाचा मणी वरच्या मापाने गुंडाळला, तर त्याला साधारण २२ वेढे बसतात, आणि प्रत्येक वेढ्याची दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर किनार बाहेर दिसते. पट्टीवरचे फूल, पान, मोर, सगळे आतच गडप होते. बाहेर दिसतात त्या फक्त त्रिकोणाच्या दोन तिरक्या कडा आणि शेवटच्या दोन-एक सेंटिमीटरचे टोक. म्हणून मण्यासाठी कागद निवडताना नक्षी किती सुंदर आहे यापेक्षा कापल्यावर तिच्या कडेने रंगांचा क्रम कसा येईल, हे पाहिले पाहिजे. लहान, दाट, अनेक रंगांची नक्षी मण्यात रेशमी पट्ट्यांसारखी उतरते आणि मार्बल केलेला, म्हणजे संगमरवरासारख्या लहरींचा, कागद तर मण्यात मूळ पानापेक्षाही देखणा दिसतो, असे माझे मत आहे. मोठे चित्र मात्र सपाट डुलासाठी राखून ठेवावे.

याच नियमाचा उपयोग रचनेसाठीही करता येतो. त्रिकोणाच्या पायाजवळच्या कडांवर जो रंग द्याल तो मण्याच्या दोन टोकांना दिसतो. टोकाकडच्या भागावर दिलेला रंग मण्याच्या मध्यावर पट्टा बनून येतो. पट्टीच्या मधल्या भागातील कडेवर सोनेरी मार्कर फिरवला, तर टोक आणि मध्य यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना सोनेरी कडे तयार होते. पांढऱ्या गाभ्याच्या कागदाच्या कडा रंगवण्यासाठी मार्करचे टोक कडेवर आडवे धरून एकदाच ओढावे. दाबून घासल्यास रंग पृष्ठभागावर पसरतो.

पट्ट्या कापणे

ए-४ आकाराच्या कागदावर, म्हणजे २१ गुणिले २९.७ सेंटिमीटरच्या पानावर, मागच्या बाजूने खुणा कराव्यात. एका आखूड कडेवर शून्यापासून दर २.५ सेंटिमीटरवर खूण करावी. समोरच्या आखूड कडेवर पहिली खूण १.२५ सेंटिमीटरवर आणि त्यानंतरच्या खुणा दर २.५ सेंटिमीटरवर कराव्यात. मग दोन्ही कडांवरच्या खुणा नागमोडी क्रमाने जोडल्या की सरळ आणि उलटे असे एकूण १५ त्रिकोण मिळतात आणि दोन्ही बाजूंना काही तुकडे उरतात. अर्धा त्रिकोण गुंडाळला तर एका बाजूला निमुळता, शंखासारखा मणी होतो. तोही रचनेत उपयोगी पडतो. सरळ आयताकृती पट्टी गुंडाळली तर नळीच्या आकाराचा मणी मिळतो.

कापण्यासाठी कात्रीपेक्षा धातूची पट्टी आणि नवे पाते लावलेला कटर वापरावा, खाली कापायची चटई किंवा जाड पुठ्ठा ठेवावा. बोथट पाते कडेचे तंतू ओढून काढते आणि असे उचललेले तंतू पुढे व्हार्निशमध्ये कायमचे अडकून बसतात. एकाच दाबात कापण्यापेक्षा दोन हलके हात फिरवले तर कड अधिक स्वच्छ येते. पट्टीचे टोक अगदी अणकुचीदार न ठेवता २ ते ३ मिलिमीटर बोथट कापावे. अणकुचीदार टोक गोंदाने ओले होताच चुरगळते, आणि मण्याचा शेवट जिथे सर्वांना दिसतो नेमका तिथेच खराब होतो.

गुंडाळणे

सुई म्हणून विणकामाची पातळ सुई, बांबूची गुळगुळीत काडी किंवा क्विलिंगचे हत्यार चालते. पट्टीची नक्षी खाली ठेवून रुंद बाजू सुईवर धरावी आणि पहिले दोन-तीन वेढे गोंद न लावता घ्यावेत, कारण इथे गोंद लागला तर मणी सुईलाच चिकटून बसतो. हे पहिले वेढेच मण्याचा आकार ठरवतात. ते सैल राहिले तर पुढे कितीही ताण दिला तरी मणी मऊ राहतो आणि दाबल्यावर मधले वेढे दुर्बिणीच्या नळकांड्यासारखे बाहेर सरकतात. म्हणून दोन्ही अंगठ्यांनी कागद सुईवर दाबत, सुई फिरवत पुढे जावे आणि कागद ओढून ताण देण्याचे टाळावे. ओढल्याने पट्टी एका बाजूला सरकते.

दोन-तीन वेढ्यांनंतर पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा पातळ थर लावायला सुरुवात करावी. तीन भाग गोंदात एक भाग पाणी मिसळले की तो ब्रशने सहज पसरतो. गोंद कडेपर्यंत पोहोचला पाहिजे, पण कडेबाहेर ओघळता कामा नये. चुकून ओघळलाच तर तो बोटाने पुसण्याऐवजी ओलसर कापडाने टिपून घ्यावा. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या मधोमध बसतो आहे का, हे पाहत राहावे. पट्टी सरकू लागली असेल तर थांबावे, दोन वेढे उलगडावेत आणि पुन्हा मध्यावर आणून पुढे जावे, कारण पुढच्या वेढ्यात ओढून दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला की मणी वाकडाच होतो. शेवटच्या टोकाला गोंद थोडा जास्त लावून ते अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग मणी सुईवरून फिरवत हलकेच सोडवून घ्यावा.

मणी रात्रभर वाळू द्यावेत. आत ओल राहिलेल्या मण्यावर व्हार्निश दिले तर ती ओल आतच कोंडते आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके दिसू शकतात. पावसाळी हवेत यासाठी दोन दिवस दिलेले चांगले.

व्हार्निशचे हात

नवशिके सर्वांत जास्त घाई करतात ती याच टप्प्यावर. मण्यांवर पुन्हा पीव्हीए गोंद लावला की ते चकाकतात, म्हणून काहींना तेवढ्यावरच काम झाले असे वाटते. परंतु पीव्हीएचा थर दमट हवेत आणि घामाने पुन्हा मऊ होतो आणि चिकट लागतो. तो फक्त पाया म्हणून वापरावा. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन व्हार्निशचे किमान तीन पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात नेहमी चांगले, कारण जाड थर खाली ओघळून मण्याच्या एका बाजूला थेंब धरतो आणि आतून नीट वाळत नाही. तेलाच्या व्हार्निशला चकाकी उत्तम असते, पण ते कालांतराने पिवळसर पडते. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या कागदासाठी ते टाळावे.

मणी एकेक हातात धरून रंगवणे त्रासाचे आहे, म्हणून पातळ तार किंवा नायलॉनच्या दोऱ्यात मणी सुटे सुटे ओवून, मध्ये गाठ किंवा लहान मणी घालून ते एकमेकांना चिकटणार नाहीत असे टांगावेत. पुष्कळ मणी असतील तर अशी माळ व्हार्निशमध्ये बुडवून टांगता येते. रद्दी कागदाचे मणी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या युगांडातील महिला गटही मणी दोऱ्यात ओवूनच व्हार्निश करतात आणि टांगून वाळवतात. व्हार्निश देताना दोन्ही टोकांच्या गोलावर आणि भोकाच्या तोंडावर बारीक ब्रशने वेगळा हात द्यावा, कारण तिथे सर्व वेढ्यांच्या कडा एकत्र उघड्या पडलेल्या असतात. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ पाळावा. शेवटचा हात एक-दोन तासांत हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर मणी एकमेकांवर रचून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवू नयेत.

काचेसारखी जाड चकाकी हवी असणाऱ्यांसाठी रेझिन आहे. दोन भागांचे इपॉक्सी रेझिन उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मिसळावे आणि ते प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे नीट वाचावे. प्रमाण चुकले तर ते कायमचे चिकट राहते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली घट्ट होणारे रेझिन काही मिनिटांत तयार होते, पण त्यात एक मेख आहे. कागदाने शोषून घेतलेल्या रेझिनपर्यंत दिव्याचा प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे ते आत ओलेच राहते आणि कागदावर तेलकट गडद डाग पडतो. म्हणून कोणतेही रेझिन ओतण्यापूर्वी कागदाचा पृष्ठभाग आणि कडा गोंदाच्या किंवा व्हार्निशच्या दोन हातांनी पूर्ण बंद कराव्यात. घट्ट न झालेले रेझिन त्वचेला लागत राहिल्यास ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घट्ट झालेले रेझिन घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. लहान मुले सोबत काम करत असतील तर रेझिन वापरू नये. पाण्यात मिसळणारे व्हार्निश पुरेसे आहे.

सपाट डूल आणि लोलक

नक्षी पूर्ण दिसावी असे वाटत असेल तर थरांचे सपाट डूल करावेत. एकाच जाड पुठ्ठ्याऐवजी २०० ते ३०० जीएसएमच्या कार्डाचे तीन थर एकमेकांवर चिकटवावेत आणि प्रत्येक थराची तंतूंची दिशा आधीच्या थराला काटकोनात ठेवावी. प्लायवुडमध्ये लाकडाचे थर असेच आडवे-उभे ठेवतात, आणि त्याच कारणाने ही पाटी वाकत नाही. यावर पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंना, नक्षीचा कागद लावावा. गोंदाने ओला झालेला कागद वाळताना आकसतो. तो एकाच बाजूला लावला तर पाटी त्या बाजूला वाकते, दोन्ही बाजूंना लावला तर ओढ दोन्हीकडून सारखी राहते. मागची बाजू कोणाला दिसणार नाही म्हणून तिकडे साधा कागद लावायचा असेल तरी चालेल, पण तो जाडीला समोरच्या कागदासारखाच असावा. चिकटवलेली पाटी बेकिंगच्या कागदात गुंडाळून जड पुस्तकांखाली पूर्ण एक दिवस दाबून ठेवावी.

वाळल्यावर आकार कापावा. सुरुवातीला थेंब, पान किंवा अर्धवर्तुळ यांसारखे सौम्य वळणाचे आकार घ्यावेत, कारण आतल्या कोपऱ्यांत पाते नीट फिरत नाही आणि थर सुटतात. कापलेल्या कडेवर आता खरे काम सुरू होते. आधी कडेवर पातळ गोंद चोळून तो वाळू द्यावा, म्हणजे तंतू ताठ होतात. मग ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने कड हलकेच घासावी, घासताना पॉलिश पेपर नक्षीच्या पृष्ठभागाला लागू देऊ नये. बोट फिरवल्यावर थरांच्या रेषा जाणवेनाशा होईपर्यंत गोंद आणि घासणे हा क्रम दोन-तीनदा करावा. शेवटी कडेला ॲक्रिलिक रंग द्यावा. नक्षीतलाच गडद रंग किंवा तांबूस सोनेरी रंग कडेला दिला, तर डूल कागदाचे आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

अडकवण्याचे भोक व्हार्निश देण्याआधी पाडावे, म्हणजे भोकाच्या आतली कडही बंद करता येते. ते दीड ते दोन मिलिमीटरचे असावे आणि त्याची कड आकाराच्या कडेपासून किमान ३ मिलिमीटर आत असावी. याहून जवळ असले तर कडी ओढली जाऊन कागद फाटतो. व्हार्निश देताना भोक बुजले तर वाळण्यापूर्वी त्यातून टाचणी फिरवावी.

कागद हलका असल्याने इथे आकाराची मोकळीक मिळते. चार गुणिले तीन सेंटिमीटरचे आणि दीड मिलिमीटर जाडीचे डूल व्हार्निश करण्यापूर्वी दीड ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्याच आकाराचे धातूचे डूल कानाला ओढत राहील. मोठे, भरगच्च डूल आवडणाऱ्यांनी कागदाकडे वळावे ते प्रामुख्याने याच कारणासाठी.

झुमका

झुमक्याची घुमटी क्विलिंगच्या पट्ट्या एकापुढे एक जोडून, घट्ट चकती गुंडाळून केली जाते. १२० जीएसएमच्या पट्टीची २ सेंटिमीटर व्यासाची चकती हवी असेल तर सुमारे दोन मीटर लांबीची पट्टी लागते. चकतीचा शेवट चिकटवल्यावर ती एखाद्या गुळगुळीत गोल वस्तूवर ठेवून अंगठ्यांनी कडेकडून खाली दाबत न्यावी. वेढे एकमेकांवरून सरकून घुमट तयार होतो. घाईने दाबले तर मधला भाग एकदम निसटतो, म्हणून चकती फिरवत, सगळीकडून थोडे थोडे दाबावे. दोन्ही घुमट सारख्या उंचीचे होण्यासाठी ते शेजारी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर पाहावेत. हवा तो घुमट मिळाला की आतून गोंदाचा भरपूर हात द्यावा आणि तो वाळेपर्यंत बाहेरून काहीही लावू नये, कारण आतला गोंदच या आकाराचा सांगाडा आहे. मध्यभागातून टोकाला मणी असलेली हेडपिन, म्हणजे एका टोकाला चपटे डोके असलेली दागिन्यांची तार, ओवून वर कडी वळवावी.

ओवणे आणि जोडणी

मण्यांच्या माळेसाठी मेण लावलेला १ मिलिमीटरचा सुती दोरा किंवा दागिन्यांची नायलॉन मढवलेली तार वापरावी. तार वापरल्यास तिची दोन्ही टोके क्रिम्पच्या मण्यात, म्हणजे दाबल्यावर चपटा होणाऱ्या धातूच्या लहान मण्यात, अडकवून पकडीने दाबावीत. दर दोन कागदी मण्यांच्या मध्ये एक लहान काचेचा किंवा लाकडी मणी घालावा. तो केवळ शोभेसाठी नसतो. तो नसेल तर कागदी मण्यांची टोके एकमेकांवर घासतात आणि सर्वांत आधी तिथलेच व्हार्निश उडते. २.५ सेंटिमीटरचे १५ मणी आणि मध्ये ३ मिलिमीटरचे लहान मणी घेतले, तर हुक धरून सुमारे ४५ सेंटिमीटरची माळ होते, म्हणजे एका ए-४ पानात एक माळ बसते.

धातूच्या कड्या उघडताना त्या कधीही बाहेरच्या बाजूला फाकवू नयेत. दोन पकडींनी कडीची दोन टोके धरून एक पुढे, एक मागे अशी सरकवावी आणि बंद करताना तशीच परत आणावी. फाकवलेली कडी पुन्हा पूर्ण गोल होत नाही आणि फटीतून डूल निसटून पडते. कानात अडकवण्याच्या आकड्या मात्र स्वस्तातल्या घेऊ नयेत. निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज सुटते आणि पुरळ येते. चांदीच्या किंवा सर्जिकल स्टीलच्या आकड्या बहुतेकांना चालतात. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असते, जरी ते धातूत घट्ट बांधलेले असले तरी. ज्यांना निकेलची तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी टायटॅनियम किंवा नायोबियमच्या आकड्या निवडाव्यात.

वापर, साठवण आणि दुरुस्ती

नीट व्हार्निश केलेला कागदी दागिना पावसाचे चार थेंब आणि घाम सहज सोसतो, पण तो पाण्यात बुडवण्यासाठी नाही. अंघोळ, पोहणे आणि भांडी घासणे यांपूर्वी तो काढून ठेवावा. मनगटावरच्या दागिन्यांना हात धुताना सतत पाणी लागते, म्हणून त्यांना व्हार्निशचे दोन हात जास्त द्यावेत. अत्तर आणि केसांचा स्प्रे दागिना घालण्यापूर्वीच मारावा, कारण त्यातील अल्कोहोल ॲक्रिलिक व्हार्निशला धूसर करते. साफ करण्यासाठी कोरडे मऊ कापड पुरे आहे.

उन्हाने रंग उडण्याचा वेग शाईवर अवलंबून असतो. रंगद्रव्याच्या (पिगमेंटच्या) शाईपेक्षा डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई लवकर फिकी पडते. एखादा कागद पुष्कळ दागिन्यांसाठी वापरायचा विचार असेल तर त्याची एक पट्टी अर्धी झाकून ऊन येणाऱ्या खिडकीत काही आठवडे ठेवावी आणि मग दोन्ही अर्धे भाग शेजारी धरून पाहावेत. अल्ट्राव्हायोलेट किरण रोखणारे व्हार्निश रंग उडणे लांबवते, पूर्ण थांबवत नाही.

मण्याचे टोक सुटलेच, तर ओल आत जाण्यापूर्वी टाचणीच्या टोकाने त्याखाली गोंद सोडावा, दाबून धरावे आणि वाळल्यावर त्या जागेवर व्हार्निशचे दोन हात द्यावेत. चकाकी सगळीकडूनच गेली असेल, तर ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने मणी अगदी हलकेच घासून, धूळ पुसून नवा हात द्यावा. पाणी आत गेलेला मणी फुगून आधी टोकांकडे मऊ लागतो. तो दुरुस्त होत नाही, म्हणून माळ करताना त्याच कागदाचे दोन-तीन मणी जास्तीचे करून, व्हार्निश देऊन, कोरड्या डबीत राखून ठेवावेत.